बिनव्याजी घर

आपल्यापैकी बहुतेकांनी अमेरिकेत घर घेतले ते कर्ज काढूनच. ७ टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी एक लाख डॉलर उचलले तर महिना सुमारे ६६५ डॉलर हप्ता बसतो. व्याज काढून टाका, २७८ वर येतो. ही आकडेमोड मी एका शनिवारी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'च्या घरावर खिळे ठोकताना मनातल्या मनात केली. शेजारी घराची भावी मालकीणच भिंत उभी करत होती. तिच्या श्रमाचे तास तिथे हिशेबात धरतात.

याचे मूळ जॉर्जियातल्या कोइनोनिया शेतावर. १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन या शेतकी पदवीधर बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने सहकाऱ्यांबरोबर ते सुरू केले. तिथे काळे-गोरे एका पंगतीला जेवत. १९५६ पासून बहिष्कार पडला; बियाणे, खत, विमा मिळेना, गोळीबारही झाला. (वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको!) मंडळींनी पिकॅन टपालाने विकून तग धरला. पुढे १९६८ मध्ये, आपली संपत्ती वाटून टाकलेले मिलर्ड फुलर जॉर्डनना येऊन मिळाले. घरे बांधायची, पण गरिबाकडून नफा नाही, व्याज नाही. बायबलातली जुनी आज्ञाच ती. आलेल्या हप्त्यांतून पुढचे घर. १९७६ मध्ये त्यातूनच हॅबिटॅट निघाली.

हे दान नव्हे, म्हणून माझ्यासारख्या नास्तिकालाही पटते. मात्र काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीजवळ स्वस्त घरे येणार होती, तेव्हा 'भाव पडतील' म्हणून विरोधाच्या अर्जावर मीही सही केली होती. त्या बाईंना ते सांगायचे धैर्य झाले नाही. मी खिळे देत राहिलो.