उघड्या शरीराचा प्रवास : सायकल आणि मोटारसायकल यांच्या लाभ-जोखमीचा विचार

सायकल आणि मोटारसायकल या दोन वाहनांत चाकांची संख्या सारखी असली आणि दोन्हींवर बसणाऱ्याचे शरीर सारखेच उघडे असले, तरी त्यांच्यापासून होणारा लाभ आणि संभवणारा धोका यांचे स्वरूप वेगवेगळे आहे. सायकलीचा धोका बहुतांशी तिच्या शेजारून जाणाऱ्या जड आणि वेगवान वाहनांकडून येतो. मोटारसायकलीला हा बाहेरचा धोका तर असतोच, शिवाय तिच्या स्वतःच्या वेगातही मोठा धोका दडलेला असतो. लाभाच्या बाजूनेही असाच फरक आहे. सायकल चालवणाऱ्याच्या शरीराला काही देते, तर मोटारसायकल त्याचा वेळ वाचवते आणि त्याच्या रोजगाराचा परीघ वाढवते. दुचाकी धोकादायक असते, एवढे म्हणून थांबले तर हा सगळा फरक पुसला जातो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीस्वार होते. सायकलस्वारांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता. मात्र देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकीच असल्यामुळे केवळ मृतांच्या संख्येवरून वाहनाचा धोकादायकपणा ठरवता येत नाही. जोखीम मोजायची, तर ठरावीक अंतरामागे किती मृत्यू होतात हे पाहावे लागते. ब्रिटनसारख्या देशांत अशी मोजणी दीर्घकाळ होत आली असून, तेथे दर मैलामागे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा संभव सायकलस्वाराच्या कितीतरी पट आणि मोटारीतील प्रवाशाच्या तर त्याहूनही अनेक पट आढळतो.

याचे मूळ वेगात आहे. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी २० किलोमीटर वेगाने सायकलवर जाणाऱ्या माणसाच्या शरीरात जेवढी ऊर्जा असते, तिच्या नऊपट ऊर्जा ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटारसायकलवर जाणाऱ्या त्याच माणसाच्या शरीरात असते. ही ऊर्जा उंचीच्या भाषेत मांडली, तर पहिल्या वेगाने कठीण वस्तूवर थेट आदळणे म्हणजे सुमारे दीड मीटरवरून पडणे आणि दुसऱ्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडणे होय. अर्थात प्रत्येक अपघातात माणूस खांबावर वा दुभाजकावर थेट आदळतोच असे नाही. रस्त्यावरून घसरत गेल्यास ऊर्जा हळूहळू संपते आणि जीव वाचण्याची शक्यता वाढते. त्यात भर प्रतिक्रियाकाळाची, म्हणजे संकट दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंतच्या अवधीची. हा अवधी एक सेकंदाचा धरला, तर तेवढ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते आणि मोटारसायकल जवळपास १७ मीटर. समोरचा खड्डा किंवा पांढरा पट्टा न मारलेला गतिरोधक या १७ मीटरांच्या आत असेल, तर कितीही कसलेल्या चालकाला ब्रेक लावण्याची संधीच मिळत नाही.

डोक्याला होणारी इजा हा या विषयाचा गाभा आहे. १९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून जात असताना समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवण्याच्या प्रयत्नात रस्त्यावर फेकले गेले आणि काही दिवस बेशुद्धावस्थेत राहून मरण पावले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले प्रवासी मरण पावल्याची नोंद त्यांनी १९४१ च्या निबंधात केली आणि हेल्मेटचा आग्रह धरला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने कामावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले आणि त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण उतरत गेल्याचे केर्न्स यांना आढळले. सर्वसामान्य नागरिकांसाठी तोच नियम ब्रिटनमध्ये लागू होण्यास मात्र १९७३ उजाडले. शास्त्राला पटलेली गोष्ट समाजाच्या गळी उतरण्यास तीन दशके लागली.

हेल्मेटचे कार्य समजून घेतले, तर त्याविषयीचे बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतात. बाहेरचे कठीण कवच आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवते आणि आतला थर्माकोलसारखा थर चेपत जातो, त्यामुळे डोके थांबण्यास काही सहस्रांश सेकंद अधिक मिळतात. मेंदू कवटीच्या आतल्या बाजूवर किती जोराने आदळतो, हे या वाढीव काळावर अवलंबून असते. पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जाते, आणि एकदा चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नसल्यामुळे अपघातात सापडलेले हेल्मेट बदलावेच लागते. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने २००८ मध्ये मोटारसायकलच्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा अंदाज दिला. भारतात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला. पुण्यात हेल्मेटसक्तीला वेळोवेळी संघटित विरोध झाला आणि शहरातील वाहतूक संथ असल्यामुळे हेल्मेट महामार्गापुरते पुरे, असा युक्तिवाद त्यामागे होता. परंतु ताशी ४० किलोमीटर हा शहरातील सामान्य वेगदेखील सहा मीटरांहून अधिक उंचीवरून पडण्याएवढा असतो, आणि दुसऱ्या मजल्यावरून डोक्यावर पडणे कोणीही किरकोळ मानणार नाही. उकाडा, घाम, हेल्मेट सांभाळण्याची कटकट या तक्रारी खऱ्या आहेत, पण मेंदूच्या कायमच्या इजेसमोर त्यांचे वजन पडत नाही.

वेगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न दिसण्याचा आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची तपासणी झाली आणि १९८१ च्या त्या अहवालात असे आढळले, की बहुसंख्य अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरीचे होते आणि अशा टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता, बहुधा ती त्याला दिसलीच नव्हती. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, त्यामागचे कारण हेच आहे.

सायकलीच्या लाभाचे पारडे किती जड आहे, हे पाहण्यासाठी परदेशी अभ्यासांकडे वळावे लागते. कोपनहेगनमधील २००० सालच्या अभ्यासात कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी अधिक आढळला. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० मध्ये मोटार सोडून सायकल धरणाऱ्याचा हिशेब मांडला, तेव्हा व्यायामामुळे आयुष्यात ३ ते १४ महिन्यांची भर आणि अपघातांमुळे ५ ते ९ दिवसांची घट, असे उत्तर आले. प्रदूषणाची शंका रास्त असली, तरी हवेत सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असतानाही रोज दीड तासापर्यंतच्या सायकलप्रवासात लाभ हानीहून अधिक राहतो, असा २०१६ मधील एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. तथापि नेदरलँड्समधील अपघाताचा आकडा तिथल्या स्वतंत्र सायकलमार्गांचे फळ आहे. तो महाराष्ट्रातील रस्त्यांना जसाच्या तसा लावणे ही फसवणूक ठरेल.

पुण्याचा अनुभव येथे उद्बोधक आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे हे शहर लुना मोपेड, आकुर्डीच्या कारखान्यातील स्कूटर आणि पुढे मोटारसायकली यांच्या आगमनाने दुचाकींचे शहर झाले. रस्त्यावर सायकली जितक्या अधिक, तितका एकेका सायकलस्वाराचा धोका कमी, असे अनेक देशांत दिसून आले आहे, कारण इतर चालकांना सायकल अपेक्षित असते. पुण्यात नेमकी याउलट प्रक्रिया घडली आणि जो तो धोक्याच्या भीतीने सायकल सोडत गेल्यामुळे उरलेल्यांचा धोका वाढला. २००६ मधील बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव, मार्गाबरोबर सायकलमार्ग आले, २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. परंतु मध्येच संपणारा, उभ्या गाड्यांनी आणि फेरीवाल्यांनी अडवलेला तुकडा म्हणजे सायकलमार्ग नव्हे. चौकात सायकलस्वाराला पुन्हा बसच्या चाकाशेजारी आणून सोडणारी रचना त्याचे संरक्षण करत नाही.

मोटारसायकलचा तिरस्कार करूनही चालणार नाही. ज्या गावात दिवसातून दोनदाच एसटी येते, तेथील दूध संकलन केंद्र, बाजार समिती, दवाखाना आणि महाविद्यालय यांच्याशी कुटुंबाचा संबंध या वाहनामुळेच टिकून आहे, आणि स्कूटरने असंख्य स्त्रियांना कोणाची वाट न पाहता घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. म्हणून निवाडा अंतरावर आणि रस्त्यावर सोपवणे योग्य. पाच किलोमीटरांच्या आतील रोजच्या प्रवासासाठी, रस्ता अंतर्गत वा कमी वर्दळीचा असेल तर, प्रकृती धडधाकट असलेल्याने सायकलच निवडावी. लांबच्या प्रवासाला मोटारसायकल घ्यावी, पण हेल्मेट चालक आणि मागे बसणारा अशा दोघांच्या डोक्यावर असावे. २०२२ मध्ये हेल्मेटविना मरण पावलेल्यांपैकी १४,३३७ जण वाहन चालवत नव्हते, केवळ मागे बसले होते. दुचाकी खरेदी करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आयएसआय चिन्हाची दोन हेल्मेट त्याच दिवशी घ्यावीत आणि मूल बरोबर येणार असेल, तर त्याच्या मापाचे तिसरेही घ्यावे.