मोटारीचा वेग आणि ब्रेकचा दम

कोल्हापूरच्या माणसाला यंत्राची हौस मोठी, आणि आहे ते यंत्र अधिक जोरदार करून घेण्याची त्याहून मोठी. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतकामाच्या आणि लेथकामाच्या परंपरेत वाढलेल्या गावाला ते शोभतेच. हल्ली ही हौस मोटारीवर उतरली आहे. इंजिनाची ताकद वाढवून घ्यावी, रुंद टायर चढवावेत, आणि रविवारी पहाटे आंबा घाटाचा रस्ता धरावा! अशा गाडीला ब्रेक पॅड कोणते घालावेत, हा आजचा विषय. प्रश्न गाडीवाल्याचा दिसतो खरा. पण त्या गाडीपुढून रस्ता ओलांडणारा मनुष्य गाडीवाला असतोच असे नाही. म्हणून तो आपणा सर्वांचा आहे.

प्रथम ब्रेक करतो काय, ते पाहू. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. पायाखालचे पॅडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने दोन पॅड त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत बदलतो. ही उष्णता किती? माणसांसह 1,200 किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगावरून थांबविली, तर जवळजवळ अर्धा लिटर थंड पाणी उकळीस येईल इतकी. वेग दुप्पट, म्हणजे 120 केला, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. पाणी दोन लिटर! आणि तीच गाडी 500 मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या आधारे उतरली, तर सुमारे साडेसतरा लिटर पाण्याला पुरेल इतकी उष्णता त्या चार चाकांपाशी निर्माण होते. साखरप्याच्या बाजूस उतरल्यावर चाकांतून करपट वास का येतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. महाग पॅड घातले म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः गाडीला अखेर थांबवितो तो टायर. साधे पॅडदेखील सुस्थितीत असतील तर चाक जागच्या जागी अडवू शकतात. त्यापुढे रस्त्याची पकड टायरनेच घ्यावयाची असते. मग चांगल्या पॅडचा उपयोग काय? तो असा की, पहिल्या वेळी जसा ब्रेक लागला तसाच तो दहाव्या वेळीही लागावा. म्हणजे प्रश्न जोराचा नाही, दमाचा आहे.

पॅडचे मुख्य प्रकार तीन. पहिला सेंद्रिय: तंतू, राळ आणि भुकट्या यांचे मिश्रण दाबून केलेला. तो आवाज करीत नाही, डिस्क फारशी झिजवीत नाही आणि थंड असतानाही पकडतो. पण फार तापला की त्यातील राळेची वाफ होऊ लागते आणि पकड सुटते. यालाच फेड म्हणतात. दुसरा अर्धधातूचा: त्यात लोखंडाचा कीस पुष्कळ असतो. तो अधिक उष्णता सोसतो, पण किरकिरतो आणि डिस्क लवकर झिजवितो. तिसरा सिरॅमिक: शांत, कमी काजळीचा, रोजच्या वापरास उत्तम. मात्र सिरॅमिक या नावाने शर्यतीचा गुण येतो असे नव्हे.

याखेरीज खास शर्यतीचे पॅड मिळतात, आणि हौशी मनुष्याचा डोळा त्यांवरच असतो. येथे आपल्या शेजारच्या खासबाग मैदानाची आठवण करावी. भर कुस्तीत तासभर दम टिकविणारा मल्लही अंग गरम झाल्याखेरीज आखाड्यात उतरत नाही. शर्यतीच्या पॅडचे तसेच आहे. त्यांतील काही सुमारे 200 अंश सेल्सियस तापल्यावाचून पुरती पकड घेत नाहीत. शर्यतीच्या मार्गावर ते सदाच तापलेले असतात. पण थंडीच्या सकाळी मंगळवार पेठेतील गल्लीतून गाडी बाहेर काढली, पहिल्याच वळणावर शाळेची मुले आडवी आली, तर त्यांना सांगता येत नाही की, थांबा, आमचे पॅड अजून तापावयाचे आहेत! म्हणून रस्त्यावरच्या गाडीची पहिली कसोटी थंड ब्रेकची, आणि दुसरी घाटाची. दोन्हींत उतरणारा पॅड म्हणजे चांगल्या प्रतीचा, रस्त्यासाठीच बनविलेला, अधिक उष्णता सोसणारा पॅड.

तो ओळखावा कसा? पुष्कळ पॅडवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले साधारण उष्णतेतील घर्षणाचे, दुसरे अधिक तापल्यानंतरचे. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफई असे असेल तर तापल्यावर पकड उतरते, एफएफ असेल तर ती त्याच पट्ट्यात राहते. ही अक्षरे पॅडचे आयुष्य किंवा दर्जा सांगत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. पॅड नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी बदलावेत. मागच्या चाकांना पुढच्यांहून अधिक पकडीचे पॅड कधीही घालू नयेत; मागची चाके आधी अडली की गाडी फिरते.

नवे पॅड बसविल्यावर ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे वाहन नाही असे पाहून, मध्यम वेगावरून आठदहा वेळा गाडी हळू करावी, पण पुरती थांबवू नये. मध्ये ब्रेक निवू द्यावेत. उत्पादकाने वेगळी रीत सांगितली असेल तर तीच पाळावी. जुनी काजळी मात्र तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. पूर्वीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ कर्करोगाला कारण होते. ओल्या फडक्याने पुसणे बरे.

आणि ब्रेक ऑइल! ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 जातीचे ऑइल नवे असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरल्यावर ही हमी 155 अंशांवर येते. घाटात ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल तळाशी जाते. तेव्हा उत्तमोत्तम पॅडही निरुपयोगी. दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा खर्च पॅडच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

शेवटी, घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी आणि ब्रेकचे ओझे इंजिनाला वाटून द्यावे. ही युक्ती आपले जुने ट्रक ड्रायव्हर जाणून होते. तिला एक पैसा लागत नाही. इंजिनावर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने त्यांतील काही आधी ब्रेककडे वळवावेत, एवढेच आमचे मागणे आहे. वाढलेली ताकद त्याच्या एकट्याच्या आनंदाची असते. ब्रेकवर मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव विसंबलेला असतो.