उतरत्या भट्टीची नानकटाई

सक्करदऱ्यातल्या एका घरात पाककृतींची जुनी वही आहे. पाठकोरी पानं दोऱ्यानं शिवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यातल्या एका पानावर तुपाचा तळहाताएवढा डाग आहे आणि डागाच्या आतून अक्षरं दिसतात: मैदा एक शेर, रवा पावशेर, बेसन पावशेर, तूप तीन पावशेर, पिठीसाखर तेवढीच, जायफळ-वेलची, वर चारोळी. कृतीची ओळ एकच. तूप फेसावे, मळावे, उतरत्या भट्टीत भाजून आणावी.

तापमान नाही, मिनिटं नाहीत. ‘भाजावी’ असंही नाही, ‘भाजून आणावी’. दिवाळीच्या फराळात चकली घरच्या कढईत तळली जाते, अनारसा घरच्या तुपात जाळीदार होतो, लाडू घरच्या परातीत वळला जातो. घराबाहेर जाऊन परत येणारा जिन्नस एकच, नानकटाई. तिची अर्धी कृती घरात आणि अर्धी बेकरीत असे. घरातली अर्धी वह्यांमध्ये उतरली, बेकरीतली अर्धी कोणी लिहिलीच नाही. आज आजीची वही समोर ठेवून ओव्हन लावणाऱ्यांची नानकटाई बिघडते ती याच जागी.

सक्करदरा हा नागपूरच्या दक्षिण-पूर्वेचा भाग. तलाव, उमरेड रस्ता, बुधवार बाजार आणि भोसल्यांचा वाडा. राजे रघुजीराव भोसल्यांच्या या वाड्यात सुफी संत ताजुद्दीन बाबांचा मुक्काम असे, आणि १९२५ साली त्यांचं निधनही इथेच झालं. पलीकडे त्यांच्या दर्ग्याचं ताजबाग. अशा वस्तीत बेकरीची भट्टी दिवाळीच्या आधी तापते तशी ईदच्या आधीही तापते. दिवाळीच्या आठवड्यात मात्र बेकरीच्या दारात पितळी डबे आणि स्टीलच्या पातेल्यांची रांग लागायची. घरून मळून आणलेला गोळा, बेकरीचे काळे पत्रे, आणि बाकावर बसून गोळे वळणाऱ्या बायका व पोरं. पत्रा कोणाचा हे कळावं म्हणून कोणी कडेला खडूनं आडनाव लिही, कोणी प्रत्येक गोळ्यावर खूण करी. एका घरची चारोळी, दुसऱ्या घरचा काजूचा तुकडा, तिसऱ्या घरची सुरीची फुली. सजावट वाटते ती मुळात मालकीची खूण होती. चारोळी तर विदर्भाच्या जंगलातलीच.

आधी वहीतल्या मापांविषयी, कारण पहिली ठेच तिथे लागते. मेट्रिक वजनं देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. त्याआधीच्या वहीतला शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम. सगळे जिन्नस वजनानं घेतले तर पावशेराला पाव किलो धरून चालतं, कारण प्रमाण तेच राहतं. घोटाळा होतो तो अर्धं शेरात आणि अर्धं वाटीत लिहिलेलं असतं तेव्हा. एक वाटी मैदा आणि एक वाटी तूप यांच्या वजनात मोठा फरक असतो. जुनी वही वापरायची असेल तर घरची वाटी एकदा तराजूवर ठेवून तिची वजनं वहीतच टिपून घ्यावीत.

आता तूप. नानकटाईचा जीव तुपाच्या फेसण्यात आहे, आणि याबाबत प्रस्तुत लेखकाचं मत ठाम आहे: मिक्सरनं वेळ वाचतो, पण तूप कुठवर आलं हे तळहातालाच कळतं. थिजलेलं तूप परातीत घ्यायचं आणि तळहातानं एकाच दिशेनं फिरवत राहायचं. पिवळसर रंग जाऊन ते पांढरं होतं, जड होतं ते हलकं होतं. हा पांढरेपणा हवेचा. तुपात अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे भट्टीत फुगतात आणि नानकटाई आतून खुसखुशीत होते. तूप मैद्याच्या कणांना वेढतं, त्यामुळे पोळीच्या कणकेला येतो तसा चिवटपणा इथे येत नाही. म्हणूनच मैदा घातल्यावर मळायचं कमी, एकत्र करायचं फक्त.

झालं की नाही हे बघायला जुन्या बायका वाटीभर पाण्यात फेसलेल्याचा थेंब टाकत. तरंगला की झालं. पण ही परीक्षा साखर घातल्यानंतर घ्यायची असते. नुसतं तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं. न फेसताही तरंगेल. तुपात तेवढ्याच वजनाची पिठीसाखर मिसळली की मिश्रण पाण्यापेक्षा जड होतं आणि तळाशी जातं. ते तरंगायला लागलं याचा अर्थ पुरेशी हवा शिरली. भौतिकशास्त्राची ही कसोटी ज्या बायकांनी स्वयंपाकघरात पाण्याच्या एका वाटीवर उभी केली, त्यांच्या हुशारीला तोड नाही.

तूप थिजणं पंचांगावरही अवलंबून असतं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. तेव्हा नागपुरात दुपारी अजून चांगलंच ऊन असतं आणि तूप परातीत पातळ होऊ लागतं. अधिक महिना आला की दिवाळी पुढे सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. नोव्हेंबरच्या नागपुरी पहाटे तूप स्वतःहून रवाळ थिजतं. अधिक महिन्याच्या वर्षी नानकटाई चांगली होते, असं कोणी आजी म्हणाली तर त्यात भाबडेपणा नाही. लवकर येणाऱ्या दिवाळीला तूप भल्या पहाटे फेसावं, किंवा परातीखाली थंड पाण्याचं ताट ठेवावं.

इतिहास थोडक्यात. नानकटाईचं माहेर सुरत मानतात. डच व्यापाऱ्यांच्या काळातल्या बेकरीतून ही विद्या पारशी दोटीवाला कुटुंबाकडे आली, अशी कथा तिथे सांगतात. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘कटाई’ म्हणजे मूळच्या ‘खटाई’चा अर्थ कोणी चीनच्या जुन्या नावाशी जोडतं, कोणी सहा जिन्नसांशी. सुरतेहून ती मुंबईत आली आणि महाराष्ट्रभर पसरली. स्कॉटलंडचं शॉर्टब्रेड तिचं दूरचं भावंड. त्यात एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग पीठ असतं. आपल्याकडे साखर तुपाच्या बरोबरीनं.

खरी गंमत भट्टीत आहे. विटांची घुमटाकार भट्टी आधी आतून लाकडं पेटवून तापवतात. मग निखारे बाजूला ओढून जमीन साफ करतात आणि उरलेल्या धगीवर भाजतात. विस्तव बंद झाला तरी विटा कित्येक तास उष्णता सोडत राहतात, आणि ती दर घटकेला थोडी थोडी उतरत जाते. या उतरणीवरच भट्टीचं वेळापत्रक बसवलेलं असतं. सर्वांत तेज आचेला पाव, आच नरमली की बिस्किटं आणि नानकटाई, आणि अगदी शेवटी टोस्ट, जे भाजायचे कमी आणि सुकवायचे जास्त. बेकरीवाला चिमूटभर मैदा भट्टीच्या जमिनीवर टाकून बघतो. लगेच काळा पडला तर थांबायचं. सावकाश बदामी झाला की पत्रे आत.

“भट्टी अजून तापून राहिली, काकू. तिनाच्या सुमारास या ना.” सक्करदऱ्यात हे वाक्य ऐकून डबा घेऊन परत फिरलेल्या काकूंना ते टाळणं वाटे. ते तापमान सांगणं होतं. वहीतल्या ‘उतरत्या भट्टीत’ या दोन शब्दांचा अर्थ तो.

प्रस्तुत लेखक हे एकदा नुकसान करून शिकला. घाईनं, पाव निघताच पत्रा आत ढकलायला लावला. दहा मिनिटांत वरून काळसर, आतून कच्च्या अशा चाळीस नानकटाया हातात आल्या. उलट भट्टी फार निवलेली असेल तर तूप आधी वितळतं, कडा धरायच्या आत गोळे पसरतात आणि पत्राभर एकच पापडी होते. सुरुवातीला आच हवी म्हणजे आकार धरतो, नंतर ती उतरायला हवी म्हणजे आतला भाग न करपता कोरडा होतो. वरची भेगही त्यामुळेच पडते. वरचा थर आधी सुकून कडक होतो, आतला भाग फुगतच राहतो, आणि वरचं कवच तडकतं.

१९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि पुढे अनेक घरांच्या वह्यांत ‘तूप’ खोडून ‘डालडा’ लिहिलं गेलं. तो स्वस्त होता, पटकन पांढरा फेसला जाई, ऑक्टोबरच्या उन्हातही वितळत नसे. पण तोंडाच्या उबेला तो पुरता विरघळत नाही आणि टाळूला चिकटतो. शिवाय वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी आरोग्याला घातक; भारतात तिच्यावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. खोडलेला शब्द पुन्हा लिहायला हे कारण पुरेसं आहे.

लाकडाच्या भट्ट्या आता कमी होत चालल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं. हवेसाठी ते योग्यच आहे. मात्र विजेचा ओव्हन लावलेल्या आकड्यावर स्थिर राहतो. तो उतरत नाही. म्हणून घरी भाजताना ती उतरण हातानं घडवावी लागते. ओव्हन १८० अंशांवर पूर्ण तापवून घ्यायचा, पत्रा आत ठेवायचा, कडांनी आकार धरला की आच कमी करायची. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते, तेव्हा तिला हात लावायचा नाही. निवली की ती आपोआप कडक होते. कच्ची समजून पुन्हा आत ढकलली तर तिचा दगड होतो.

सक्करदऱ्यातल्या त्या वहीतही आता भर पडली आहे. डागाळलेल्या पानावर ‘उतरत्या भट्टीत’ या शब्दांखाली नातीनं बारीक रेघ मारली आहे आणि समासात निळ्या बॉलपेननं लिहिलंय: १८० वर ७ मिनिटे, मग १५० वर १२. लगेच काढू नये, दार किलकिलं करून ५ मिनिटे आतच.