वैमानिकाचा पगार आणि रांगेतला क्रमांक



बारावीचे निकाल लागले की आपल्या घरोघरी पुढच्या शिक्षणाच्या चर्चा सुरू होतात. इंजिनिअरिंग, मेडिकल, सी.ए. या ठरलेल्या यादीत आता ‘पायलट’ही येऊ लागले आहे. इथे इंदुरात फ्लाइंग क्लब आहे, महाराष्ट्रात बारामती आणि गोंदियालाही प्रशिक्षण मिळते. खर्च मात्र मोठा. अनेकांना त्यासाठी कर्ज काढावे लागते. साहजिकच आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, पगार किती? या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देता येत नाही. वैमानिकाची कमाई तीन गोष्टींवर ठरते: हुद्दा, उड्डाणाचे तास आणि कंपनीच्या ज्येष्ठता यादीतला क्रमांक. यांतली तिसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते, आणि सगळ्यात दूरवर परिणाम तिचाच होतो.

हुद्दा

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र व गणित आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगसारख्या विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण असते, ते ‘टाइप रेटिंग’. मग नोकरी लागते ती फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून. कॅप्टन होण्यासाठी वरचा परवाना हवा. त्याला किमान १,५०० तासांचा अनुभव लागतो. पगारातली सर्वांत मोठी उडी याच टप्प्यावर असते. पण परवाना हाती आला म्हणजे कॅप्टनपद मिळाले असे नाही. कंपनीत जागा निघावी लागते आणि आपला नंबर यावा लागतो.

तास

पगाराचा एक भाग ठरावीक असतो. अमुक तासांपर्यंतचे पैसे विमान उडो न उडो मिळतात. त्यापुढे प्रत्येक तासाचा वेगळा दर. शिवाय बाहेरगावच्या मुक्कामाचे वगैरे भत्ते. तास मोजायचा तो विमान उड्डाणासाठी जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंत. धुक्यामुळे विमानतळावर तीन तास बसून राहिले तर ते तास उड्डाणात धरत नाहीत.

हमीचे तास किती, यावर केवढा फरक पडतो ते विस्ताराच्या उदाहरणावरून कळते. ही कंपनी एअर इंडियात विलीन होणार होती. त्याआधी, २०२४ च्या सुरुवातीला, वैमानिकांपुढे नवा करार आला. त्यात हमीचे तास महिन्याला ७० वरून ४० वर आणले होते. समजा, तासाचा दर सारखाच आहे आणि एखाद्याने महिन्यात ५० तास उड्डाण केले. जुन्या पद्धतीत त्याला ७० तासांचे पैसे मिळाले असते, नव्या पद्धतीत ५० तासांचेच. वैमानिक नाराज झाले आणि त्या दिवसांत कंपनीची अनेक उड्डाणे रद्द झाली. तास हवे तेवढे वाढवून ही तूट भरून काढता येत नाही, कारण सुरक्षिततेसाठी वर्षाला १,००० तासांची कायदेशीर मर्यादा आहे.

क्रमांक

आता ज्येष्ठतेकडे येऊ. वैमानिक कंपनीत रुजू झाला की यादीत त्याला क्रमांक मिळतो. वरचे लोक निवृत्त झाले किंवा कंपनीने नवी विमाने घेतली की यादी पुढे सरकते. कॅप्टनपदाची संधी आधी कोणाला, लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर कोण जाणार, अनेक ठिकाणी मुक्कामाचे शहर आणि रजासुद्धा, या यादीवरून ठरते. चाचण्या उत्तीर्ण व्हाव्याच लागतात, पण चाचणीला बोलावणे येते ते क्रमाने.

अशी पद्धत का? कारण वैमानिकाला कधीकधी ‘हवामान ठीक नाही, मी विमान नेणार नाही’ असे सांगावे लागते. बढती जर साहेबाच्या मर्जीवर असेल तर असे बोलायला माणूस कचरेल. रांग ठरलेली असली की ती भीती राहत नाही. याची दुसरी बाजू अशी की, कुणी कितीही निष्णात असला तरी त्याला आपला नंबर येईपर्यंत थांबावेच लागते.

दोन रांगा एकत्र करायची वेळ आली की खरी कसोटी लागते. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. दोन्हीकडच्या वैमानिकांची विमाने वेगळी, पगाराचे नियम वेगळे, बढतीचा वेगही वेगळा. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांचे आंदोलन ५८ दिवस चालले. नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला दिले तर आपली बढती मागे पडेल, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. हा गुंता सोडवण्यासाठी सरकारला निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. ‘एवढा पगार असून संप कशाला?’ असे तेव्हा अनेकांना वाटले. पण एकदा मागे पडलेला क्रमांक निवृत्तीपर्यंत मागेच राहू शकतो, हे लक्षात घेतले की त्यांची अस्वस्थता कळते.

कंपनी बदलली तर

उड्डाणाचे तास आणि परवाना वैमानिकासोबत जातात, क्रमांक जात नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा तिथल्या यादीला काही अर्थ उरला नाही. अनुभवी कॅप्टनला दुसरीकडे थेट कॅप्टन म्हणून घेतात, पण ज्येष्ठता नव्याने सुरू होते. स्वतःहून सोडायचे म्हटले तरी मुदत मोठी आहे. २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची, कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते.

म्हणून घरात मुलगा किंवा मुलगी या वाटेवर निघणार असेल, तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारा. हमीचे तास किती? सध्या सहवैमानिकाला कॅप्टन व्हायला किती वर्षे लागतात? कंपनीची किती नवी विमाने येणार आहेत? आणि प्रकृतीच्या कारणाने परवाना गेला तर विमा आहे का? सुरुवातीच्या पगाराच्या आकड्यापेक्षा या चार उत्तरांवरून कर्ज किती वर्षांत फिटेल याचा अंदाज चांगला येतो.