सफरीचा डबा कसा असावा?

ईदची सुट्टी लागली की नाशिककडची कितीतरी कुटुंबे सापुताऱ्याच्या वाटेला लागतात. वाटेत सुरगाणा तालुक्यातला हातगड किल्ला आहे. गेल्या वर्षी आम्हीही तो चढलो. अर्ध्या वाटेवर माकडाने धाकटीच्या हातातली सामोशांची पिशवी हिसकावली. ओरखडासुद्धा आला नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण पोर दिवसभर धास्तावली होती.

चूक कोणाची? खरे तर आमचीच. पातळ पिशवी हातात, वर सामोशांचा वास! शिवाय मुक्या जिवाला खाऊ घालणे सवाबाचे, म्हणून आपण बिस्किटे टाकतो. पण त्यामुळे माकडे माणसाची भीती विसरतात, रानातले खाणे सोडतात आणि पुढच्या मुलाच्या हातावर झडप घालतात. मग लोक त्यांना दगड मारतात. ज्यातून जिवाला इजा होते, ती रहम कशी? तहानलेल्याला पाणी पाजणे वेगळे आणि रानाच्या जिवाला वेफर्सची सवय लावणे वेगळे.

अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रानात मुक्काम करणाऱ्यांना अस्वलाला उघडता न येणारा मजबूत डबा नेणे बंधनकारक आहे. झाडाला पिशवी टांगलेली तिथे चालत नाही. एकदा माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल धीट होते आणि शेवटी जीव त्याचाच जातो. आपल्याकडे अस्वले मेळघाट, ताडोब्याकडे आहेत. हातगडाला गाठ माकडांशी. धडा मात्र तोच.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. जेवण घट्ट कड्यांच्या स्टीलच्या डब्यात भरतो आणि डबा पाठीवरच्या सॅकमध्ये, कपड्यांच्या खाली ठेवतो. प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे डबा कायद्यालाही धरून होतो. चालताना कोणी काही खात नाही. दस्तरखान चढण्यापूर्वी, खाली गावातच अंथरतो. मुक्काम असेल तर अन्न तंबूत न ठेवता गाडीच्या डिकीत, काचा बंद करून ठेवतो. राखीव जंगलात परवानगीशिवाय चूल पेटवणे गुन्हा आहे, म्हणून बिर्याणी घरूनच.

हाडे आणि उरलेला भात झुडपात टाकू नये. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. नाशिक जिल्ह्यात बिबट्याची दहशत नवी नाही. आपण निघून जातो. पण खालच्या पाड्यातली आदिवासी लेकरे तिथेच राहतात. शेजाऱ्याचा हक्क सफरीतही सुटत नाही.

माकड चावले किंवा ओरखडले, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्यावी. हळद, चुना लावत बसू नये.

यंदा पुन्हा निघताना धाकटीनेच डब्याच्या कड्या दोनदा तपासल्या. सामोसे घरी परत येईपर्यंत सलामत होते. उरलेले रात्री दादीने खाल्ले.