बिल नंबर दोनदा पडलाच नाही पाहिजे!

समजा, भोसरीत तुमचं वर्कशॉप आहे, चाकणच्या कंपन्यांना पार्ट जातात. दोन बिलांवर एकच नंबर पडला, तर पेमेंट अडकू शकतं. म्हणून सॉफ्टवेअर बनवून घेताना डेटाबेसमध्ये या तीन गोष्टी मागाच.

१. युनिक: जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिल नंबर एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. म्हणून 'आर्थिक वर्ष + बिल नंबर' या जोडीवर युनिक लावा. दोघांनी एकाच वेळी बिल काढलं, तरी दुसरी नोंद टेबलच नाकारेल.

२. चेक: कंपनीचा जीएसटी नंबर 15 अक्षरांचाच, नग शून्यापेक्षा जास्तच. नाहीतर एंट्री होणार नाही.

३. इंडेक्स: ही पुस्तकाच्या मागची सूचीच समजा. 'ग्राहक + तारीख' यावर लावला, की एका कंपनीची मार्चची बिलं शोधायला अख्खं टेबल चाळावं लागत नाही. पण सरसकट सगळ्या कॉलमवर नको. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तेही बदलावे लागतात, एंट्री मंदावते.

जुना डेटा असेल तर आधी डुप्लिकेट नंबर शोधून निस्तरा. ते असेपर्यंत युनिक लागतच नाही!