एआय नको म्हणण्याची सोय : २०२२ ते २०२६चा मागोवा

दिलेल्या सूचनेवरून नवा मजकूर, चित्र, आवाज किंवा संगणकाची आज्ञावली तयार करून देणाऱ्या तंत्राला जनरेटिव्ह एआय म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, तेव्हा हे तंत्र एका वेगळ्या संकेतस्थळावर होते. ज्याला हवे तो तिथे जाई. बाकीच्यांच्या कामात त्याने फरक पडत नसे. पुढच्या तीन वर्षांत ते पत्र लिहिण्याच्या, माहिती शोधण्याच्या आणि निरोप पाठवण्याच्या साधनांत जाऊन बसले. त्यामुळे ते नसलेले, किंवा निदान बंद करता येणारे, सॉफ्टवेअर निवडणे हा सामान्य वापरकर्त्यापुढचा प्रश्न झाला.

त्याआधीची घडी

महाराष्ट्रात संगणकाची सवय दोन वाटांनी रुजली. पहिली वाट मराठी अक्षरांची. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि तिच्या जिस्ट तंत्रामुळे भारतीय लिप्या संगणकावर आल्या. १९९१ साली इस्की या संकेतप्रणालीला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. युनिकोड रुळेपर्यंत एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता न येणे ही नित्याची अडचण होती. २००४ साली रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले, आणि स्वयंसेवकांच्या मदतीने फायरफॉक्स व लिब्रेऑफिस मराठीत आले. दुसरी वाट प्रशिक्षणाची. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या तरुणांना विंडोज, वर्ड आणि एक्सेल शिकवले. ‘संगणक येतो’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी ही तीन साधने येतात, असा झाला.

भिवंडी तालुक्यातील खारबाव हे या सवयीचे परिणाम जिथे रोज दिसतात अशा गावांपैकी एक. वसई-दिवा रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक आहे आणि चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता तिथून जातो. यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीच्या भोवती गेल्या दोन दशकांत मोठी गोडाऊने उभी राहिली आणि या पट्ट्यातील संगणकाचे काम त्यांच्याभोवती गोळा झाले. मालाची आवक-जावक, चलान, ई-वे बिल, कामगारांची हजेरी, भाड्याच्या पावत्या, ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेचे निकालपत्रक अशी ही कामे. त्यांतल्या एकाही कामाला यंत्राने नवा मजकूर रचून देण्याची गरज नसते. गरज असते ती आकडा बरोबर पडण्याची आणि नाव शुद्ध उमटण्याची.

शिरकाव : २०२३ आणि २०२४

मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्ड आणि एक्सेलसाठी कोपायलट हा एआय सहायक जाहीर केला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर तो विंडोज ११ मध्ये दिसू लागला आणि जानेवारी २०२४ मध्ये कीबोर्डवर त्याची स्वतंत्र कळ येणार असल्याचे कंपनीने सांगितले. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून साधेपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या नोटपॅडमध्येही २०२४ च्या अखेरीस मजकूर नव्याने लिहून देणाऱ्या सोयीची चाचणी सुरू झाली.

भारतात जास्त परिणाम झाला तो मोबाइलवर. जून २०२४ मध्ये गुगलचे जेमिनी अ‍ॅप मराठीसह नऊ भारतीय भाषांत आले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेटा एआयचे निळे वर्तुळ दिसू लागले. ऑगस्टमध्ये गुगलच्या शोधनिकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश भारतातही झळकू लागला. ही साधने कोणी मागवली नव्हती. नेहमीचे अ‍ॅप अद्ययावत झाले आणि त्याबरोबर ती आली.

२०२५ मध्ये किमतीचा मुद्दा पुढे आला. जानेवारीत मायक्रोसॉफ्टने घरगुती वर्गणीत कोपायलट समाविष्ट करून दर वाढवले. कोपायलटविना जुन्या दरातली योजना होती, पण ती ग्राहकांपासून दडवली गेली, असा आरोप करत ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. भारतात उलट बाजूने तोच आग्रह झाला. जुलैमध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय शोधसाधनाची एक वर्षाची वर्गणी मोफत दिली. ऑक्टोबरअखेर जिओने जेमिनीची अठरा महिन्यांची मोफत योजना जाहीर केली आणि नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो एका वर्षासाठी विनामूल्य झाले. मोफत मिळालेली सवय मुदत संपल्यावर विकत घ्यावी लागते, हे मोबाइल डेटाच्या बाबतीत भारतीय ग्राहकाने आधीच अनुभवले आहे.

नकाराची कारणे

या काळात नकार देणाऱ्यांची कारणे एकाच प्रकारची नव्हती. पहिले कारण अचूकतेचे. ही साधने पुढे कोणता शब्द येण्याचा संभव आहे हे हिशोबाने ठरवतात; खरे-खोटे तपासणे हे त्यांच्या रचनेत मुळात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात यंत्राने दिलेल्या उत्तरांवर डोळे मिटून विसंबता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

दुसरे कारण गुप्ततेचे. यातील बहुतेक साधने लिहिलेला मजकूर दूरच्या सर्व्हरवर पाठवतात. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीची आज्ञावली चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक वापरू नये, अशी सूचना कर्मचाऱ्यांना दिली. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांना निर्णय घेण्यासाठी किंवा निकाल देण्यासाठी एआय साधने वापरण्यास मनाई केली. गोडाऊनमधील ग्राहकयादी किंवा ग्रामपंचायतीकडील आधार क्रमांक यांनाही हीच काळजी लागू पडते. भारताचा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

तिसरे कारण निर्मात्यांच्या हक्काचे. ही यंत्रे लेखक, चित्रकार आणि गायकांच्या कामावर शिकली, अनेकदा त्यांना न विचारता. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची एआयद्वारे नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. चौथे कारण विजेचे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असा तिचा अंदाज आहे. खारबाव ज्या ठाणे जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील ऐरोली आणि महापे हे देशातील डेटा सेंटरांचे मोठे पट्टे आहेत.

पाचवे कारण भाषेचे. इंटरनेटवर जी भाषा भरपूर लिहिली गेली ती यंत्राला चांगली येते. भिवंडी-वसई पट्ट्यातील आगरी बोली फार थोडी लिहिली गेली आहे. लिहिणाऱ्याचे वाक्य ‘सुधारून’ देणारे साधन ती प्रमाण मराठीकडे ओढते, आणि मूळ बोलणे कागदावर येण्याआधीच पुसले जाते.

पर्यायांची बांधणी

नकाराला पहिला संघटित प्रतिसाद मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातून आला. एप्रिल २०२४ मध्ये जेंटू या लिनक्स प्रकल्पाने आणि मे महिन्यात नेटबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीने यंत्राने लिहिलेली आज्ञावली स्वीकारण्यावर निर्बंध घातले. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपने आपल्या उत्पादनात जनरेटिव्ह एआय आणणार नाही, असे जाहीर केले. जून २०२५ मध्ये संपादकांच्या विरोधानंतर इंग्रजी विकिपीडियावरील यंत्रलिखित सारांशांचा प्रयोग थांबवण्यात आला. ऑगस्टमध्ये विवाल्डी ब्राउझरनेही अशा सोयी तूर्त न आणण्याची भूमिका घेतली.

मोठ्या कंपन्यांना आणि संस्थांनाही मागे यावे लागले. पडद्यावरच्या सर्व हालचाली टिपून ठेवणारी विंडोजची रिकॉल सोय मे २०२४ मध्ये जाहीर झाली, टीकेमुळे लांबली आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरकर्त्याने स्वतः चालू केली तरच चालेल अशा रूपात आली. फायरफॉक्स हा एआय ब्राउझर होणार, या डिसेंबर २०२५ मधील घोषणेवर वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केली. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्यात सर्व एआय सोयी एकत्र बंद करण्याची व्यवस्था आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला, तेव्हा जुन्या पण चालू संगणकांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला आणि लिनक्सकडे अनेकांचे लक्ष गेले.

आजची निवड

२०२६ मध्ये रोजची साधने तीन गटांत पडतात. पहिल्या गटात जनरेटिव्ह एआय मुळातच नाही. लिब्रेऑफिस पत्रे, तक्ते आणि सादरीकरण ही तिन्ही कामे करते, वर्ड व एक्सेलच्या फाइली उघडते आणि मराठीत चालते. लिनक्स मिंट ही तशीच कार्यप्रणाली. संदेशांसाठी सिग्नल आहे. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मिळतो व इंटरनेटशिवाय चालतो.

दुसऱ्या गटात एआय आहे, पण बाजूला ठेवता येते. वर्डच्या पर्यायांत कोपायलटची खूण काढता येते. फायरफॉक्स ब्राउझर आणि डकडकगो हे शोधयंत्र यांच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. गुगलवर शोधल्यानंतर ‘वेब’ हा विभाग निवडला की सारांश न दिसता केवळ दुवे दिसतात.

तिसऱ्या गटात काढून टाकण्याची सोय नाही. व्हॉट्सअ‍ॅप त्यातले मुख्य. एप्रिल २०२५ पासून एखाद्या गप्पेत प्रगत गोपनीयता चालू केली, तर तेथील संदेश एआय सोयींसाठी वापरता येत नाहीत. पण वर्तुळ राहतेच. जुलै २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने मेटा एआय वापरकर्त्यांनी न मागता व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बसवल्यावरून मेटाची चौकशी सुरू केली. गोडाऊनचे वाहनचालक, गावाचे गट आणि शाळेच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतात, म्हणून हे अ‍ॅप सोडणे एकट्याच्या हातात नाही. देशी पर्याय म्हणजे एआयविना पर्याय, असेही समजू नये. अरट्टई हे संदेशांचे अ‍ॅप ज्या झोहोचे आहे त्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये स्वतःचे भाषा-प्रारूप आणले.

बदलाचा खर्च पैशांत फारसा नाही. तो वेळेत आहे : एक्सेलमधील जुनी मॅक्रो तपासणे, जुन्या फॉन्टमधील दस्तऐवज युनिकोडमध्ये आणणे, कर्मचाऱ्यांना नव्या सूचीची सवय लावणे. भारत सरकारचे २०१५ चे धोरण केंद्राच्या आणि ते स्वीकारणाऱ्या राज्यांच्या कार्यालयांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे सांगते, त्यामुळे ग्रामपंचायतीला किंवा शाळेलाही हा मार्ग धरताना त्याचा दाखला देता येईल.

चार वर्षांच्या या वाटचालीतून एक गोष्ट सिद्ध झाली आहे. एआय बंद करण्याची सोय जिथे जिथे मिळाली, तिथे बहुतेक वेळा ती लोकांनी मागितली म्हणून मिळाली. एआय वापरावे की नाही हे प्रत्येकाने आपल्या कामावरून ठरवावे. पण ते ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडेच असला पाहिजे. म्हणून गावातील प्रत्येक कार्यालयाने, शाळेने आणि दुकानाने आपल्या संगणकातील सेटिंग एकदा उघडून पाहावी, नको ते बंद करावे आणि जिथे बंद करता येत नाही तिथे तशी मागणी लेखी नोंदवावी.